फी परत देता का, हे आधी विचारा

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, नुकतीच तिसरी झाली. त्याला बालदमा आहे, रोजचा पंप (इनहेलर) चालू आहे. लालबागला दोन खोल्यांत आम्ही पाच जण राहतो. सासरे ७४ वर्षांचे आहेत, त्यांना मधुमेह आणि सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. त्यांचा कोरोनाच्या लशीचा दुसरा डोस जून २०२१ मध्ये झाला. मुलगा सुट्टीत शिबिराला जायचं म्हणून हटून बसलाय. दादरला बारा दिवसांचं बालनाट्य शिबिर आहे. रोज तीन तास, एसी हॉल, साठ मुलं. दुसरं कर्जतजवळ पाच दिवसांचं निवासी शिबिर. दादरवाले सांगतात, रोज सॅनिटायझेशन होतं, दारात ताप मोजतात. कर्जतवाले कोरोनाच्या आरटीपीसीआर चाचणीचा रिपोर्ट मागतात. आमचे हे म्हणतात, कोरोना संपला, मास्क गेले, पाठव कुठेही. सासूबाई म्हणतात, कुठेच नको, आणि पाठवायचंच असेल तर गळ्यात कापराची पुरचुंडी बांध. मला दादरचं बरं वाटतं, निदान स्वच्छ तरी आहे. काय करू?
– एक आई, लालबाग

उत्तर : ताई, पाठवा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं त्या बेतानेच वाचाल.

तुमचा मुलगा कोरोनामुळे पहिलीची वार्षिक परीक्षा न देताच दुसरीत गेला. दुसरी मोबाइलवर झाली. तिसरीत मुंबईतल्या लहान वर्गांच्या शाळा १५ डिसेंबर २०२१ ला कशाबशा उघडल्या, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंद झाल्या आणि २४ तारखेला परत सुरू झाल्या. एवढ्यानंतर तो शिबिरासाठी हटून बसला नसता तरच मला काळजी वाटली असती. दम्याच्या मुलांना घरी बसवून ठेवल्याचा आणखी एक तोटा होतो. पळायची सवय मोडते, मग जिना चढला तरी धाप लागते, आणि घरच्यांना ती धाप दमाच वाटते. आमच्या दवाखान्यात येणाऱ्या मुलांत अशी बरीच आहेत. दमा आटोक्यात असलेल्या मुलाने खेळायलाच हवं.

तुमचे यजमान निम्मे बरोबर आहेत. निर्बंध गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२ ला उठले ते रुग्ण कमी झाले म्हणून. विषाणू मुंबई सोडून गेलेला नाही. ओमिक्रॉन हा कोरोनाचा प्रकार बहुतेक मुलांना दोन-तीन दिवस ताप, घसादुखी, खोकला, क्वचित उलट्या देऊन सोडून देतो. दम्याचा पंप नियमित असेल तर तुमच्या मुलासाठी मी फार घाबरणार नाही. माझा जीव अडकतो तो आजोबांच्या पाशी. चौऱ्याहत्तर वय, साखर, त्यात आधीच अधू झालेली फुप्फुसं. तेव्हा शिबिर निवडताना 'तिथून घरी काय येईल आणि ते आजोबांपर्यंत कसं पोहोचेल' हे आधी बघायचं. मुलाला लस देऊन हा प्रश्न आत्ता सुटत नाही. २०२२ मध्ये बारा वर्षं पूर्ण झालेल्यांनाच लस मिळत होती. त्याहून लहान मुलांच्या लशींना २६ एप्रिल २०२२ ला औषध नियंत्रकांनी परवानगी दिली, पण प्रत्यक्ष लसीकरण तेव्हा सुरू झालं नव्हतं. मेमधल्या शिबिराला त्याचा उपयोग नाही.

आता दादरच्या 'स्वच्छ' हॉलकडे येऊ, कारण पत्रातलं ते एक वाक्य मला खटकलं. हा आजार फरशीवरून किंवा खुर्चीच्या दांड्यावरून फारसा पसरत नाही, तो हवेतून पसरतो. बंद खोलीत एका कोपऱ्यात उदबत्ती लावली की थोड्या वेळाने वास दुसऱ्या कोपऱ्यात येतो. बोलताना, ओरडताना तोंडातून निघणारे अतिसूक्ष्म कण तसेच खोलीभर होतात. मग फरशी फिनेलने तीनदा पुसली काय आणि तीसदा काय! मे महिन्यात मुंबईत एसी हॉल म्हणजे खिडक्या घट्ट बंद, वर पडदेही ओढलेले. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच गार करून फिरवत राहतो. त्यात बालनाट्य! तिथे मुलं गप्प बसत नाहीत, बसूही नयेत. आवाजाचे व्यायाम, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारे संवाद, समूहगीतं, आरडाओरडा, सगळं त्या बंद हवेत.

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात जून २०२० मध्ये एक निवासी उन्हाळी शिबिर भरलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाने आदल्या बारा दिवसांतला निगेटिव्ह रिपोर्ट दाखवला होता. कर्मचाऱ्यांना मास्क होते, मुलांना सक्ती नव्हती. इमारतींची दारं-खिडक्या हवा खेळती राहावी म्हणून उघडली गेली नाहीत, आणि रोज मनसोक्त गाणी-घोषणा चालत. मुलं २१ जूनला आली. २२ तारखेच्या संध्याकाळी एका किशोरवयीन कर्मचाऱ्याला हुडहुडी भरली, २३ ला तो शिबिर सोडून गेला, २४ ला पॉझिटिव्ह आला आणि मुलांना घरी धाडायला सुरुवात झाली. २७ ला शिबिर बंद. जॉर्जियातल्या ५९७ जणांपैकी ३४४ जणांच्या चाचणीचे निकाल हाती आले, त्यात २६० पॉझिटिव्ह. सहा ते दहा वर्षांची मुलंही त्यातून सुटली नाहीत.

त्याच उन्हाळ्यात मेन नावाच्या दुसऱ्या राज्यात चार निवासी शिबिरं झाली. देशभरातून आलेली मुलं आणि कर्मचारी मिळून १,०२२ माणसं, आणि त्यात तिघंच पॉझिटिव्ह सापडली. त्यांच्यापासून पुढे कोणाला लागण झाली नाही. तिथे येण्याआधी दहा ते चौदा दिवस घरी थांबायला सांगितलं होतं, चाचणी आल्यावर पुन्हा केली होती, आणि मुलांचे छोटे गट करून एका गटाला दुसऱ्यात मिसळू दिलं नव्हतं. ओमिक्रॉन तेव्हाच्या विषाणूपेक्षा कितीतरी वेगाने पसरतो, त्यामुळे आज तेवढं यश कोणाला मिळेल असं मी म्हणणार नाही. पण कर्जतवाल्यांनी मागितलेल्या रिपोर्टवर किती विसंबायचं, ते यावरून कळतं. रिपोर्ट नमुना दिला त्या दिवसाचा असतो. त्यानंतर मूल लग्नाला जाऊन आलं तर कागद बदलत नाही.

म्हणून दादरच्या संयोजकांना फोन करा आणि सॅनिटायझरबद्दल एक अक्षर विचारू नका. पहिला प्रश्न असा विचारा : "मुलाला मध्येच ताप आला तर उरलेल्या दिवसांची फी परत देता का, किंवा पुढच्या बॅचला घेता का?"

हा प्रश्न पैशांचा वाटेल, पण आजार रोखण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. फी परत मिळणार नसेल तर काय होतं ते आपण सगळ्या आया जाणतो. सकाळी अंग जरा कोमट लागतं, हजारो रुपये भरलेले असतात, पोरगं रडत असतं. मग अर्धा चमचा पॅरासिटामॉल आणि "ताईंना सांगू नकोस हं". दारातल्या त्या ताप मोजायच्या बंदुकीला पॅरासिटामॉल सहज फसवतं. उलट चांगलं ठणठणीत मूल बस स्टॉपपासून उन्हात चालत आलं की तिला तापलेलं दिसतं. तेव्हा बंदूक राहू दे तिची तिथे. संयोजक म्हणाले की "ताप, खोकला, उलट्या असतील तर पाठवू नका, पैसे बुडणार नाहीत," तर समजा की तिथल्या साठही घरांत आजारी मूल घरी ठेवायला कोणी कचरणार नाही. आणि ते "तसा नियम नाही मॅडम" म्हणाले, तर हॉल कितीही चकचकीत असो, तिथे पाठवू नका.

दुसरा प्रश्न खिडक्यांचा. ते म्हणतील, मुलं घामाघूम होतील. होऊ देत, पण मग वेळ बदला म्हणावं. दुपारी दोन ते पाचऐवजी सकाळी साडेसात ते साडेदहा, पंखे पूर्ण, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, आणि असेल तर एक्झॉस्ट चालू. आवाजाचे व्यायाम आणि गाणी गच्चीत किंवा अंगणात. साठ मुलांचे पंधरा-पंधराचे चार गट, प्रत्येक गटाला ठरलेली एकच ताई किंवा दादा, डबा खायलाही तोच गट, मोकळ्या हवेत. यातलं सगळं जमेलच असं नाही. खिडक्या आणि गट एवढं जमलं तरी मी माझ्या भाच्याला पाठवीन. अशा मागण्या एकट्या आईने केल्या तर तिला 'कटकट करणारी' ठरवतात, म्हणून त्याच शिबिराला जाणाऱ्या आणखी दोन-तीन घरांना बरोबर घ्या.

एक गोष्ट बहुतेक सगळे विसरतात, ती म्हणजे शेवटच्या दिवसाचा प्रयोग. अकरा दिवस गट वेगळे ठेवायचे आणि बाराव्या दिवशी साठ मुलं, त्यांचे आईबाप, आजी-आजोबा सगळ्यांना एका बंद सभागृहात कोंबायचं! आजोबांना नातवाचा प्रयोग बघायचा असणारच. त्यांना शेवटच्या रांगेत, दाराजवळ, एन-९५ मास्क लावून बसवा आणि प्रयोग संपल्यावर चहा-समोशाच्या गर्दीत न थांबता घरी न्या. सभागृह अगदी कोंदट असेल तर त्यांच्यासाठी शूटिंग करा. ते थोडे रुसतील.

कर्जतबद्दल माझं मत : या वर्षी नको, दिवाळीच्या सुट्टीत बघू. दिवसभर रानात, नदीकाठी हुंदडणं मला दादरच्या बंद हॉलपेक्षा केव्हाही सुरक्षित वाटतं, इथे तुमच्या मनातला क्रम उलटा आहे. अडचण रात्रीची आहे. एका खोलीत पंधरा-वीस मुलं आठ-नऊ तास झोपणार, डास येतात म्हणून खिडक्या लावणार आणि वर डासांची अगरबत्ती पेटवणार. तो धूर दम्याच्या मुलाला कोरोनापेक्षा लवकर त्रास देईल. दम्याचा त्रास रात्री आणि पहाटे वाढतो, आणि तुमचा मुलगा घराबाहेर एकटा अजून राहिलेला नाही असं पत्रावरून वाटतं. रात्री तीन वाजता त्याला कोण ऐकणार, कोण पंप देणार, जवळचं हॉस्पिटल गाडीने किती लांब, याची उत्तरं फोनवर 'काळजी करू नका' एवढीच मिळत असतील तर थांबलेलं बरं. आधी एखाद्या रात्री मावशीकडे किंवा आत्याकडे राहू दे, स्वतःचा पंप स्वतः घेऊ दे.

दादरचं जमलं नाही तर शिवाजी पार्कसारख्या मैदानावरचं सकाळचं शिबिर बघा. मल्लखांब, क्रिकेट, लंगडी, काहीही. मोकळ्या हवेला तोड नाही. पोहण्याचंही चालेल. योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यातून हा विषाणू पसरत नाही, फक्त कपडे बदलायच्या खोलीत गर्दीत रेंगाळायचं नाही. क्लोरीनच्या वासाने काही मुलांना ढास लागते, तेवढं पहिल्या दिवशी बघा.

दम्याचं जरा सविस्तर लिहिते. रोजचा प्रतिबंधक पंप सुट्टी आहे म्हणून बंद करायचा नाही. त्यातल्या स्टेरॉइडचं नाव ऐकून पुष्कळ घरी तो गुपचूप बंद होतो, आणि मग पहिल्याच सर्दीला मूल दवाखान्यात येतं. त्याचा डोस इतका कमी असतो की घाबरायचं कारण नाही. घेतल्यावर चूळ भरायची एवढंच. त्रास झाल्यावर घ्यायचा तो वेगळा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) शिबिराच्या पिशवीत हवा, त्यावर नाव हवं, आणि पंप रिकामा नाही ना हे बघितलेलं हवं. सोबत मराठीत लिहिलेली एक चिठ्ठी द्या : कोणता पंप, किती पफ, किती वेळाने पुन्हा, आणि तुमचा व तुमच्या डॉक्टरांचा फोन. पफचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. ताईंना तोंडी सांगा की बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर आईची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. गर्दीच्या ठिकाणी नेब्युलायझरपेक्षा (औषधाची वाफ देणाऱ्या मशीनपेक्षा) स्पेसरने दिलेला पंप बरा, त्याने हवेत कण कमी उडतात.

मास्कबद्दल थोडक्यात. बेस्टच्या बसमध्ये आणि हॉलमध्ये बसलेला असताना लावू दे. पळताना, उड्या मारताना नको. घामाने भिजलेला मास्क काही कामाचा नसतो, पिशवीत दोन जादा ठेवा.

आजोबांचा दुसरा डोस जूनमध्ये झाला, म्हणजे नऊ महिने उलटून गेले. साठीपुढच्यांना तिसरा, 'प्रिकॉशन' डोस २०२२ मध्ये पालिकेच्या केंद्रावर मोफत मिळत होता. तो देता येतो का ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि येत असेल तर शिबिर सुरू व्हायच्या आत, खरं म्हणजे याच आठवड्यात, देऊन आणा. अंगात ताकद यायला दोनेक आठवडे लागतात. मुलाला आणि आजोबांना फ्लूची लसही त्यांच्या डॉक्टरांना विचारून द्या. दमा आणि सीओपीडी असणाऱ्यांनी ती दरवर्षी घ्यावी, आणि मुंबईत फ्लू जोर धरतो तो पावसाळ्यात, म्हणजे वेळ हीच आहे. लॉकडाउनमध्ये मुलाची एखादी नेहमीची लस राहिली असेल तर कार्ड घेऊन जा, तीही भरून निघेल.

आणि ताप आलाच तर? दोन खोल्यांच्या घरात 'स्वतंत्र खोलीत ठेवा' असं लिहिणं सोपं आहे, म्हणून आजच ठरवून ठेवा. मी असं करीन : मुलगा आणि तुम्ही आतल्या खोलीत, खिडकी उघडी. आजोबा बाहेर, दाराजवळच्या हवेत. स्वयंपाकघर आतच असेल तर कामं सासूबाईंनी न करता यजमानांनी करावीत, मास्क लावून. एकत्र जेवण बंद. आजोबांना आठवडाभर नणंदेकडे किंवा दिराकडे पाठवायचं असेल तर ते मुलाला ताप यायच्या आधी. ताप आल्यावर पाठवलं तर आजार दुसऱ्या घरी नेल्यासारखं होतं. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या घरगुती किटने पहिल्या दिवशी निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असं समजू नका, एक-दोन दिवसांनी पुन्हा करा किंवा आरटीपीसीआर करून घ्या. पॉझिटिव्ह असेल तर २०२२ च्या नियमाप्रमाणे किमान सात दिवस घरी राहायचं होतं, आणि शेवटचे तीन दिवस तापाशिवाय गेलेले हवे होते. पॅरासिटामॉल वजनावर ठरतं, चमच्यावर नाही. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही, आणि मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिकही नाही. संयोजकांना त्याच दिवशी कळवा. लाज वाटून घेऊ नका. पुढे दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा जोराचा ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटात दुखणं असं काही दिसलं तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि त्याला कोरोना होऊन गेल्याचं आवर्जून सांगा. असं फार थोड्या मुलांना होतं, पण तिथे उशीर चालत नाही.

कोरोनाच्या नादात ऊन आणि पाणी विसरू नका. मे महिन्यात मुलं शिबिरातून आजारी होऊन घरी येतात ती बहुधा उलट्या-जुलाब आणि उन्हाने. घरचं पाणी, तहान लागायची वाट न बघता दर थोड्या वेळाने घोटभर. कोकम किंवा लिंबू सरबत घरचं. गेटवरचा बर्फाचा गोळा नको, त्या बर्फाचं पाणी कुठलं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात, पूर्ण, एकदम कालवायचं. छोट्या बाटलीत अंदाजाने अर्धं पाकीट टाकू नका.

राहिली सासूबाईंची पुरचुंडी. त्यांना म्हणावं, हळद घातलेलं दूध रात्री खुशाल द्या, पण कापूर नको. त्याच्या उग्र वासाने दम्याच्या काही मुलांना खोकल्याची उबळ येते, आणि वडी चुकून पोटात गेली तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. हे त्यांना तुम्ही सांगण्यापेक्षा पुढच्या वेळी मुलाला दाखवायला त्यांनाच घेऊन जा आणि डॉक्टरांना सांगू द्या. घरात त्याने वादही होणार नाही.